धवळ्याची बाजू

"ओ साहेब, बैलाच्या पोटाखाली वाकून काय पाहून राह्यले तुमी?"

आमच्या गावच्या, बेल्याच्या बाजारात, आमच्याच बंडीपाशी, एक अनोळखी माणूस उकिडवा बसला होता. मांडीवर वही, कानावर पेन्सिल, अन् बाजाराच्या चिखलात इस्त्रीचा शर्ट! तो दचकला. तेवढ्यात आमच्या धवळ्यानं शेपूट फिरवलं आणि त्याच्या गालावर चिखलाचा पट्टा उमटला.

"पाय पाहून राह्यलो," गाल पुसत तो म्हणाला. "चालताना कोणता आधी उचलते ते."

"मंग समोरून पाहा. मागं बसाल त लाथ आधी उचलते."

तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडा मिटतात, हे मला तेव्हाच दिसलं... आणि तेव्हाच वहीही दिसली. धवळ्या आणि तांबड्या, आमची जोडी, पानभर. प्रत्येक पायाखाली आकडे — एक, पाच, नऊ. कितव्या चित्रात कोणता पाय टेकतो, त्याचे. असे आकडे फक्त कार्टूनवाले लिहितात.

"कोणत्या स्टुडिओत?" मी विचारलं.

"नवरंग, आदिलाबाद. याच हप्त्यात लागलो. नाव देवाजी. तुमी?"

"मी मनकर्णा. तुमच्या खिडकीसमोरची खिडकी आमची."

त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. माझंही.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. आदिलाबादेत कार्टून सिनेमे करणारे स्टुडिओ दोनच, तेही एकाच गल्लीत, समोरासमोर. आमचं 'चित्रघर' सुधाकररावांचं. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर. आम्ही एकेक चित्र हातानं कागदावर काढायचो. नवरंगमध्ये सगळं कॉम्प्युटरवर. बाहुली एकदाच बनवायची आणि माउसनं तिचे हातपाय हलवायचे. जिल्ह्याच्या ऑफिसनं दोघांनाही एकच काम दिलं होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरी शाळा सोडतात, त्यांच्यासाठी पाच मिनिटांचा सिनेमा. बेल्याच्या शाळेत दोन्ही दाखवायचे आणि पोरांना ज्याचा आवडेल त्याला पुढचे बारा सिनेमे.

हरलो तर सुधाकरराव शटर ओढणार होते. आणि माझे बाबा, वामनराव, एकदाच बोलतात. ते बोलून बसले होते — "काम राह्यलं त राहा शहरात. नाई त निकालानंतरच्या रविवारी यवतमाळचे पावणे येऊन राह्यले, मुकाट्यानं पोहे घेऊन ये."

म्हणजे माझं सगळं त्या पाच मिनिटांवर टांगलेलं.

तरी रोज पाच वाजता गल्लीतल्या चहाच्या टपरीवर आम्ही भेटायला लागलो. बाबांची अट, यवतमाळचे पावणे, सगळं मी त्याला सांगून टाकलं. मला तो आवडत होता, त्यात लपवायचं काय! पण तोंडातून गोड शब्द निघेल तर ती मी कसली?

"तुमच्या नवरंगमधली माणसं चालत नाई, सरकते," मी म्हणायची. "पायाखाली तेल ओतलं का?"

"अन् तुमच्या चित्रघरातल्या पोरीचं नाक दर पावलाले बदलते. सकाळी चपटं, दुपारी लांब!"

"पण जित्ती आहे ना! तुमची बाहुली रडते तवा बी टवटवीतच दिसते."

"मंग गोष्ट सांगा तुमची. काय आहे?"

"एक दप्तर. पोरगी येत नाई म्हणून दप्तरच शाळेतून निघते, तिले शोधत कापसाच्या वावरात जाते."

त्याचा कप तसाच हातात राहिला. "हे... हे मले काऊन नाई सुचलं?"

मी चहात तोंड लपवलं. नवरंगकडे चार कॉम्प्युटर होते, आमच्याकडे चित्रं जोडायला एक. पण असं कुणी हरखून म्हटलं की वाटतं, एकावरही भागेल.

मग तो आपली चित्रं दाखवायचा आणि मी चुका मोजायची. मडकं डोक्यावर असताना मान अशी हलत नाही. चुलीचा धूर असा सरळ जात नाही. तो लिहून घ्यायचा. "आज चार. काल सहा होत्या. सुधरून राह्यलो ना मी?"

"सुधराल हळूहळू."

सिनेमा दाखवायच्या आदल्या दिवशी मात्र त्यानं मला नवरंगमध्ये बोलावलं. मालक हैदराबादला गेले होते. "पूरा झाला," तो म्हणाला. "सगळ्यात आधी तुमीच पाहा."

पाहिला. एक मुलगी बैलबंडीत बसून शाळेत जाते, संध्याकाळी परत येते, आणि जाता-येता शिकलेलं बैलांना सांगते. बस, इतकंच. पण बैल माझे होते हो! धवळ्याचं वाकडं शिंग, तांबड्याची मान टाकायची लकब... माझे डोळे भरून आले. आणि तसेच उघडे राहिले.

बंडी परत येत होती, आणि धवळ्या डाव्या अंगाला होता.

मला कळलं काय झालंय ते. जातानाचं चित्र कॉम्प्युटरनं आरशासारखं उलटवलं की येतानाचं तयार, निम्मी मेहनत वाचते. पण धवळ्या उजव्या अंगाचा बैल. आमच्याकडे बैलाची बाजू एकदा ठरली की ठरली. पालटून जुंपला तर तो जू फेकून देतो. देवाजी तहसीलमधल्या कारकुनाचा पोरगा, त्याला हे कोण सांगणार? आणि बेल्याच्या पोरांना हे कुणी सांगायला पाहिजे! ती हसून लोळतील.

"कसा आहे?" देवाजीनं विचारलं. तो माझ्याकडे असा बघत होता, की...

बोल ना गं, मनकर्णे. रंगाची अदलाबदल, दोन घंट्यांचं काम. पण मला पोह्यांची ताटली दिसली. सुधाकररावांचं शटर दिसलं.

"चांगला आहे," मी म्हटलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडक्यांना काळे कपडे लावले होते. पोरं दाटीवाटीनं खाली, गावकरी भिंतीला टेकून, बाबा शेवटच्या रांगेत. आधी आमचं दप्तर चाललं. पोरं गप्प झाली, एक पोरगी तर मुसमुसली. मग नवरंगचा सिनेमा लागला.

"अबे, वामनकाकाचे बैल!" पोरं उड्या मारायला लागली. बंडी शाळेत पोचली... शाळा सुटली... बंडी वळली...

"धवळ्या डावीकडं! ओ, जोडी उलटी जुंपली! पडते आता बंडी!"

हसण्याचा असा लोंढा उठला की मुलीचं पुढचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही. जिल्ह्याच्या ऑफिसातल्या, हैदराबादकडच्या मॅडम गोंधळून विचारत होत्या, "एमैंदी? काय झालं?" देवाजी भिंतीपाशी उभा होता, कानापर्यंत लाल. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमनी पोरांना हात वर करायला लावून मोजले आणि हिंदीत सांगितलं, काम चित्रघरला. सुधाकररावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला तो हात सहन होईना.

"मॅडम, थांबा!" मी उभी राहिले. "ती चूक मी काल पाहिली होती. रंग बदलला की झालं. मुद्दाम बोलले नाही. तुम्ही पोरांना पुन्हा विचारा. म्हणा, बैल बरोबर जुंपले असते तर कोणता सिनेमा आवडला असता?"

विचारलं. हात वर झाले. आपल्या गावचे बैल भिंतीवर पाहिलेली पोरं ती, निम्म्याहून कितीतरी जास्त हात नवरंगसाठी वर होते.

सुधाकरराव मुकाट्यानं वायर गुंडाळायला लागले. बाबा उठून गेले. मीही घरी आले, सरळ गोठ्यात, आणि धवळ्याच्या मानेला मिठी मारून ढसाढसा रडले.

"मले ठाऊक होतं."

दारात देवाजी उभा.

"काय ठाऊक होतं?"

"काहीतरी चुकलं आहे, इतकं. काल तुमी 'चांगला आहे' म्हणलं ना? महिनाभरात एकदा बी नाई म्हणलं तुमी तसं. तुमी गेल्यावर पंचवीस डाव पाह्यला मी सिनेमा. चूक काई सापडली नाई."

"मंग मले काऊन नाई विचारलं?"

"विचारलं असतं त तुमी सांगतलं असतं." तो खाली बघत म्हणाला. "मंग आमी जिंकलो असतो, अन् रविवारी यवतमाळचे आले असते."

या माणसानं हरायचं ठरवून सिनेमा लावला होता, आणि मी...

"मालकाले फोन केला," तो पुढे म्हणाला. "म्हणलं, बारा सिनेमे आहे, हातानं काढणारी दोन माणसं पाहिजे. तुमी अन् सुधाकरराव. मालक हो म्हणले."

"दया करून राह्यले का?"

"नाई वो, भेव लागून राह्यला. बेल्याची पोरं पुन्हा हसतील." मग एकदम हळू — "अन् तुमी समोरच्या खिडकीत नसाल, तर मी काय पाहू?"

"असं सरळ बोलावं न् मंग! महिनाभर कायले बैलाचे पाय विचारत बसले?" मी डोळे पुसत म्हटलं. "मले बी तुमीच पाहिजे."

मागे कुणीतरी खाकरलं. बाबा. वैरणीचा भारा खांद्यावर तसाच. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक.

त्यांनी देवाजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरीनं भर सभेत खरं सांगतलं. तिले जबरदस्तीनं कुठं धाडत नाई मी," ते म्हणाले. "पण आमच्यात बैल घ्याचा म्हणलं त आधी एक दिवस जुंपून पाहतात. उद्या कपाशीत डवरणी आहे. या."

तो आला. सकाळी साडेसहाला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी धवळ्याला उजवीकडे लावलं, तांबड्याला डावीकडे, आणि डवरा, ओळींतलं तण काढायचं औत, त्याच्या हातात दिला. पहिल्याच ओळीत त्यानं कपाशीची पाच झाडं उपटली.

बाबा वावराच्या कडेनं, धुऱ्यावरून ओरडले, "कसा वाटते वो, मनकर्णा?"

"लय वाईट!" मीही ओरडले. "ओळ वाकडी, कासरा ढिला, शर्ट इस्त्रीचा! सात चुका आहे, बाबा, सात!"

आणि तो वेडा माणूस वावराच्या मधोमध थांबला, माझ्याकडे वळला, आणि सातही चुका ऐकून पोटभर हसला.