निवडून न घेतलेली केबिन

हे खरं घडलेलं आहे. कुणी म्हणेल, रचून सांगतोय. म्हणू दे. जिच्या बाबतीत घडलं ती माझी मामेबहीण आहे. ती तोंडावर शिवी घालेल, पण खोटं बोलणार नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. जेवून माणसं जरा आडवी होतात, ती वेळ.

फक्त जहाजावरच्या त्या केबिनला खिडकी नव्हती. दिवा मालवला की तिथे दुपार काय आणि मध्यरात्र काय, सारखंच.

बहीण शाळेची बस चालवते. घरात तिला सगळे फौजदार म्हणतात. मुलं उतरली की ती रोज शेवटच्या सीटपर्यंत चालत जाते. एखादं पोर झोपून मागे राहिलं नाही ना, ते बघते आणि मगच बसला कुलूप लावते. इतक्या वर्षांत हा नेम एकदाही चुकलेला नाही.

तिच्या आईला, म्हणजे माझ्या मामीला, जहाजातून फिरायची फार हौस. मामा गेल्यावर तेवढी एकच इच्छा उरली होती. फौजदार आणि तिच्या धाकट्या भावाने ठरवलं, आईला एकदा समुद्र दाखवायचाच.

बुकिंग भावाकडे होतं. भाऊ फ्लॅट विकून देतो. गॅलरी हवी तर जादा, कोपऱ्यातला फ्लॅट हवा तर जादा. गिऱ्हाइकाला पटवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

जहाजाच्या कंपनीचंही तेच होतं. जादा पैसे भरा आणि केबिन स्वतः निवडा. नाही भरले तर कंपनी देईल ती मुकाट्याने घ्या.

"निवडू या," फौजदार म्हणाली. "आईला खिडकी हवी."

"ताई, केबिनमध्ये फक्त झोपायचं असतं. डोळे मिटल्यावर खिडकी काय आणि भिंत काय. कशाला पैसे पाण्यात घालायचे?"

"गिऱ्हाइकांना असंच सांगतोस का?"

भाऊ हसला. आणि तिला न विचारता स्वस्तातलं बुकिंग करून मोकळा झाला.

जहाजावर चढल्यावर केबिन कळल्या. भावाला आणि त्याच्या बायकोला वरच्या मजल्यावरची मिळाली, गॅलरीसकट. मामी आणि फौजदारला मिळाली अगदी तळाकडची, आतली, बिनखिडकीची.

"आईला तुमची दे," फौजदार म्हणाली.

"अगं, हिला बंद खोलीत मळमळतं," भावाने बायकोकडे बोट दाखवलं. बायको फोनमध्ये बघत राहिली.

फौजदारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईसमोर तमाशा नको म्हणून तिने बॅगा उचलल्या आणि खाली नेल्या.

केबिन एवढीशी. दोन कॉट, एक कपाट. आणि मामीच्या कॉटला लागून, भिंतीत एक दार. मोठं कुटुंब आलं की दोन केबिन जोडायला उघडतात, तसलं. कुलूपबंद होतं. अलीकडून मूठसुद्धा नव्हती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मामीला कानाला यंत्र लागतं. ते काढलं की उशाशी ढोल बडवा, तिला पत्ता लागत नाही. झोपताना ती यंत्र काढून डबीत ठेवते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मामी म्हणाली, "शेजारचे गृहस्थ किती वेळ दार ठोठावत होते गं."

"मला नाही ऐकू आलं."

"तू घोरत होतीस."

सगळे हसले. फौजदारही हसली.

मग तिचा घास हातातच राहिला.

रात्रभर यंत्र तर... डबीत होतं.

ती तडक काउंटरवर गेली. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"त्या बाजूला प्रवासी नाहीत, मॅडम. पांघरुणं ठेवायची खोली आहे."

"मग आमची केबिन बदला. जादा पैसे आत्ता घ्या."

"जहाज भरलंय, मॅडम. निवडायचं तर बुकिंगच्या वेळी निवडायला हवं होतं."

हे ती हसून म्हणाली. ते हसू फौजदार अजून विसरलेली नाही.

पण फौजदार ती फौजदारच. साफसफाईवाल्याच्या मागे लागून तिने ती शेजारची खोली उघडायला लावली. आत खरोखरच पांघरुणं होती. छतापर्यंत चळती, थेट त्या मधल्या दाराला टेकलेल्या. माणूस सोडा, मांजर उभं राहायला जागा नव्हती.

फक्त दाराजवळची एक चळत... मधोमध दबलेली होती. कुणी पाठ टेकून बसावं तशी.

दुपारी मामी जेवून झोपायला गेली. फौजदार वर भावाशी भांडायला गेली. तो पोहण्याच्या तलावाकाठी खुर्ची टाकून पडला होता.

"आईचं वय झालंय, ताई. भास होतात."

"तुझ्या सासूला दिली असतीस ती खोली?"

भावाने गॉगल डोळ्यांवर ओढला. "आता सगळ्यांची सुट्टी खराब करू नकोस."

तिथे आणखी थांबली असती तर तिने त्याला तलावात ढकललं असतं. ती खाली आली आणि केबिनचं दार उघडलं.

आत काळोख होता.

आणि त्या काळोखात मामी... बोलत होती. हळू आवाजात, पाहुण्याशी बोलावं तसं.

"नाही हो, मला कसं माहीत असणार? तुम्ही काउंटरवर विचारलंत का?"

फौजदारने दिवा लावला. यंत्र डबीत होतं. मामी कॉटच्या अगदी काठावर पडली होती. मधल्या दाराकडची अर्धी गादी तिने मोकळी सोडली होती.

फौजदारने यंत्र आईच्या कानात घातलं. "कुणाशी बोलतेस?"

"शेजारचे गं. बिचाऱ्यांना अजून केबिनच मिळाली नाही म्हणे. आपल्यासारखीच त्यांनीही निवडली नव्हती. कंपनी देईल ती घेऊ म्हणाले. तेव्हापासून वाट बघताहेत."

"मग?"

"मग काय. उभं तरी किती राहणार माणूस? म्हटलं, टेका जरा."

फौजदारने मोकळ्या अर्ध्या गादीकडे पाहिलं.

गादी... दबलेली होती.

तिने हात लावला. गार होती. आणि ओली. हाताला समुद्राचा वास आला.

दुसरी कुणी असती तर आईला घेऊन पळाली असती. फौजदारला राग आला. भावाचा, त्याच्या बायकोचा, काउंटरवरच्या त्या हसण्याचा, सगळा साठलेला राग त्या दारावर निघाला. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"लाज नाही वाटत? म्हाताऱ्या बाईच्या अंथरुणात जागा मागतोस? तिला त्रास द्यायचा नाही. जागा हवी ना तुला? माझ्याकडे माग. मी देते."

पलीकडून काहीच आलं नाही.

मामीने सावकाश यंत्र काढलं. कान दाराकडे केला. बराच वेळ ऐकत राहिली.

"गेले वाटतं," ती म्हणाली. मग लेकीकडे बघून म्हणाली, "असा शब्द कुणाला देऊ नये गं."

त्यानंतर मामी शांत झोपली. परत येईपर्यंत एकदाही तक्रार नाही. भाऊ मिशीत हसत होता. "बघ. मी म्हणालो नव्हतो?"

घरी आल्यावर शाळा सुरू झाली आणि फौजदार बसवर रुजू झाली. काही दिवसांत तिच्या लक्षात आलं, शेवटच्या सीटवर मुलं बसेनाशी झाली होती. एकेका सीटवर तिघं-तिघं दाटीवाटीने बसतात, पण ती मोकळी सोडतात. विचारलं तर खांदे उडवतात.

एका दुपारी मुलं उतरल्यावर ती नेहमीसारखी मागे चालत गेली. उन्हाळा होता. काचा बंद होत्या.

शेवटची सीट... ओली होती.

त्याच सुमारास तिला डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कारण सापडलं नाही. आधी मुलांचा गोंगाट विरला. मग हॉर्न. आणि जसजसं बाकी सगळं विरत गेलं, तसतसं त्या कानात एक मात्र स्पष्ट यायला लागलं.

ठक... ठक... ठक.

यंत्राच्या दुकानात माणूस समजावायला लागला. तयार आहे ते घेतलं तर इतके, कानाच्या मापाचं निवडून घेतलं तर जादा. तिने त्याला पुरतं बोलूच दिलं नाही.

"निवडूनच घेणार," ती म्हणाली. "किंमत सांगत बसू नका."

ते यंत्र ती झोपतानाही काढत नाही. भाऊ एकदा आला आणि म्हणाला, "ताई, रात्री कशाला घालतेस? बॅटरी फुकट जाते." तिने त्याला दाराबाहेर काढलं. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद आहे. मलाही त्याचं तोंड बघावंसं वाटत नाही. चार पैसे वाचवले त्याने, आणि भोगतंय कोण?

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो होतो. हे सगळं तिनेच सांगितलं, सोफ्यावर बसून. मी विचारलं, "अजूनही बसमध्ये असतो?"

"बसमध्ये नाही," ती म्हणाली. आणि विषय बदलला.

चहा झाला. मी निघालो. जिन्यात आल्यावर माझे पाय थबकले.

सबंध वेळ ती सोफ्याच्या अगदी काठावर बसली होती. बाकीचा सोफा मोकळा होता.

आणि मी आलो तेव्हा मला बसायला तिने... आतून खुर्ची आणली होती.