तपास्याला सर्दी होत नाही

आमच्या वसुधाआत्याच्या पोल्ट्रीत तीन शेड आहेत. मंगळवारी पहिल्या शेडमधल्या कोंबड्या शिंकायला लागल्या. शुक्रवारी तिसऱ्या शेडमधल्या. मधली शेड मात्र ठणठणीत! आता सांगा, रोग काय मधल्या शेडवरून उडी मारून गेला?

“वाऱ्यानं गेला असेल,” मी म्हणाले.

“वारा मधल्या शेडला वळसा घालून जातो होय गं शाल्मली?” आत्या म्हणाली. ती कोंबड्यांची डॉक्टर. सुजलेली तोंडं, वाहणारी नाकं आणि शी! तो घाण वास. तिनं लगेच ओळखलं, हा कोरायझा (जिवाणूंमुळे कोंबड्यांना होणारी सर्दी). जिवाणू म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे जीव.

आत्याचा मदतनीस आहे तपास्या नावाचा रोबो. रोज सकाळी तो रबरी बोटांनी कोंबड्यांच्या चोची उघडून बघतो आणि तेवढा वेळ अखंड बडबडतो.

“मधली शेड आत्ताच तपासली पाहिजे,” तो म्हणाला. “महिनाभर मला तिथं प्रवेश नाही. हे विज्ञानविरोधी आहे.”

मधल्या शेडच्या दारात रेश्मामावशी खराटा आडवा धरून उभी होती. त्या शेडचं सगळं तीच बघते.

“टाक बघू पाय आत! ह्याच्या बडबडीनं माझ्या कोंबड्या बिथरतात. अंडी देत नाहीत.”

“रेश्मा, बाजूला हो,” आत्या म्हणाली. “आत लागण असेल तर आजच कळायला हवं. दोन हजार जीव आहेत.”

“एका दिवसाची पिल्लं होती, तेव्हापासून सांभाळलंय मी त्यांना, डॉक्टरबाई,” मावशी म्हणाली. पण तिनं खराटा खाली केला.

तपास्यानं ऐटीत हात पुढे केला. त्याची बोटं कसल्या तरी चिकट पाण्यानं चकाकत होती. मी पटकन दारात आडवी झाले.

“थांब! तपास्या, रोज सकाळी कुठं कुठं जातोस?”

“आधी पहिल्या शेडमध्ये. मग सरळ तिसऱ्या.”

“मधे हात धुतोस?”

“मी कशाला धुऊ? मी यंत्र आहे. मला सर्दी होत नाही.”

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! ह्याला होत नाही, पण हा वाटत फिरतोय! आजारी कोंबडीच्या नाकातलं पाणी ह्याच्या बोटांवर आणि तीच बोटं निरोगी कोंबडीच्या चोचीत. स्वतः आजारी न पडता रोग पोचवणारा, म्हणजे वाहक.”

“हा आरोप आहे,” तपास्या म्हणाला. “पुरावा द्या.”

आत्यानं त्याची बोटं कापसाच्या काडीनं पुसली आणि ती काडी जिवाणूंचं खाद्य भरलेल्या काचेच्या ताटलीवर फिरवली. एकटा जिवाणू दिसत नाही, पण खाऊन-पिऊन लाखोंनी वाढले की त्यांची वसाहत दिसते. दोन दिवस तपास्या गोदामात फुगून बसला. तिसऱ्या दिवशी ताटलीत दवासारखे बारीक ठिपके होते. आत्यानं सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कोरायझाचेच जिवाणू!

“हे सगळे... माझ्याबरोबर हिंडत होते?” तपास्यानं विचारलं. त्यानंतर तो तब्बल एक तास गप्प होता. हा विक्रम आहे.

आजारी शेडमध्ये औषध सुरू झालं. अंगातलं औषध जाईपर्यंत तिथली अंडी विकायची नाहीत, असं आत्यानं बजावलं. मग ती रेश्मामावशीकडे गेली. “माझं चुकलं. तू अडवलं नसतंस, तर मीच रोग आत सोडला असता.”

“मला कुठं काय ठाऊक होतं? मला फक्त ह्याची बडबड नको होती,” मावशी म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

आत्यानं ताटली उचलली. “ह्याच जिवाणूंना मारून लस बनवता येते. मेलेले जिवाणू आजारी पाडत नाहीत, पण शरीर त्यांना ओळखायला शिकतं. पुढच्या पिल्लांना ती टोचली, की खरा शत्रू आल्यावर त्यांची तयारी असेल.”

“टोचताना पिल्लं मी धरीन,” तपास्या हळूच म्हणाला. “हात धुऊन.”

रेश्मामावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“दोनदा धू,” ती म्हणाली. “आणि तोंड बंद ठेव.”