विरुद्ध मताचा सारथी

घटस्फोटाला परवानगी द्यायची की नाही, यावर आयर्लंडनं कौल घेतला त्याला आता तीस वर्षं झाली. त्या दिवसांत भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता. आणि ऐन मतदानाच्या दिवशी डिम्प्ना कोलमनच्या गाडीत बसली!

पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यात पाऊस नुसता झोडपत होता. मतदानाला पायी निघालेली डिम्प्ना अर्ध्या वाटेत चिंब झाली, तेवढ्यात गाडी थांबली. काचेवर ‘नाही’चं पोस्टर.

“बसा.” मतदाराला गाडीतून न्यायचं, पण मत विचारायचं नाही, हा तिथला रिवाज.

“न विचारताच सांगते... मी ‘हो’ देणारेय. उतरवताय?”

“इतक्या पावसात? कुत्र्यालाही नाही उतरवणार.”

“अस्सं! म्हणजे मी कुत्र्याच्या रांगेत?”

“छे हो... कुत्रं निदान माझं मत फुकट घालवत नाही.”

ती खळखळून हसली. कित्येक वर्षांनी. नवऱ्यानं बोस्टनला दुसरा संसार थाटला होता, आणि कायद्यानं ती अजून त्याचीच बायको होती.

मतदान होतं त्या शाळेच्या दारापर्यंत कोलमननं स्वतःचा कोट तिच्या डोक्यावर धरला. स्वतः मात्र निथळत होता, वेडा!

‘हो’ जेमतेम नऊ हजार मतांनी जिंकलं. पश्चिमेकडच्या खेड्यांत ‘नाही’वाले जास्त, पावसानं तेच घरी बसवले, असं लोक अजून म्हणतात. “घरभेद्या! तिला चालू द्यायचंस की,” पबमध्ये मित्र कोलमनला टोमणे मारत. तो लाजायचा, आणि जळणाची गोणी घेऊन पुन्हा तिच्याच दारात हजर!

दोन वर्षांनी ती कायद्यानं मोकळी झाली.

“डिम्प्ना... लग्न करशील माझ्याशी?”

जीव होता तिचा त्याच्यावर. पण गावाची कुजबुज सोसून ती विटली होती.

“ज्या कायद्याला तू ‘नाही’ म्हणालास, त्याच्याच जोरावर मागणी घालतोयस? मग चारचौघांत घाल. चोरून नको मला.”

रविवारी प्रार्थना सुटली. पुरुषमंडळी नेहमीसारखी चर्चच्या भिंतीला टेकून गप्पा मारत होती. कोलमननं टोपी काढली.

“मी ‘नाही’ दिलं होतं... चुकलो. हिचं आयुष्य अडवणारा मी कोण? डिम्प्ना, माझी होशील?”

सगळे आपापले बूट न्याहाळू लागले. त्या गावात असं कुणी कधी बोललं नव्हतं. डिम्प्नाचा ऊर अभिमानानं भरून आला. भर रस्त्यात तिनं त्याचा हात धरला.

“इतकी वर्षं निघून गेलेल्या माणसाची बायको होते रे... आता समोर उभ्या असलेल्याची होते.”