पानाची वरची बाजू

माल अडला तर फायदा कोणाचा, हा हिशेब नर्सरीच्या मालकीणबाईंनी रिक्षात बसल्या बसल्याच मांडून आणला होता. एक मुकादमाचा, कारण शेजारच्या नर्सरीवाल्याने त्याला जादा पगाराचं बोलावणं धाडलं होतं. दुसरा भाच्याचा, त्याला जागा बिल्डरच्या घशात घालायची होती. तोटा मात्र थोरल्या दिरांचा, म्हणजे अण्णांचा. नर्सरी विकली गेली की निम्मे पैसे त्यांचे होते.

"म्हणजे अण्णा सुटले," मास्तर म्हणाले.

"मास्तर, अजून कोणी अडकलेलं नाही," ऑडिटरबाई म्हणाल्या.

ऑडिटरबाईंचा जन्म बँकेत इतरांच्या चुका शोधण्यात गेला होता. निवृत्तीनंतर त्या तेच काम घरून करत. मास्तर त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, विधुर. मास्तरांकडे गाडी होती पण जायला ठिकाण नव्हतं. बाईंकडे ठिकाणं होती पण गाडी नव्हती. भागीदारी अशी जुळली होती.

मालकीणबाई सांगू लागल्या. परदेशातल्या एका कंपनीने क्रोटनची, रंगीत पानांच्या शोभेच्या झाडांची, खेप मागवली होती. ती निरोगी पोचली की कंपनी सगळी नर्सरीच घेणार होती आणि बाई कायमच्या लेकीकडे जाणार होत्या, समुद्रापार.

"तिला सातवा महिना आहे. पहिली वेळ, जवळ कोणी नाही. ही खेप बुडाली तर मी कशाच्या जोरावर जाऊ?"

परदेशी माल पाठवायचा तर मातीचा कण चालत नाही, कीड तर नाहीच. म्हणून मुळं धुऊन रोपं नारळाच्या भुशात लावली होती. जाळीघराला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, मध्ये औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे. बाईंखेरीज चाव्या या तिघांकडेच, मुकादम, भाचा आणि अण्णा. आज सकाळी सरकारी तपासनीस दाखला द्यायला आले आणि दाराजवळच्या ट्रेमध्येच त्यांना जिवंत कीड दिसली.

"कोणाला काय सांगितलंत?"

"कीड निघाली, एवढंच. आत मी आणि तपासनीस दोघंच होतो. त्यांनी लगेच दाराला सील ठोकलं. मी मुकादमाला सगळ्यांदेखत चोर म्हटलं आणि तशीच इकडे आले."

ऑडिटरबाई आणि मास्तर नर्सरीत पोचले तेव्हा तपासनिसांनी त्यांच्यासाठी सील उघडलं. ट्रेमध्ये सहा कुंड्या होत्या. कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखे पिठ्या ढेकूण पानांच्या वरच्या बाजूला, भर उजेडात बसले होते. ऑडिटरबाईंनी पानावरून बोट फिरवलं.

"मास्तर, ही कीड रस पिते आणि मागे चिकट पाणी सोडते. बोट चिकटतंय का बघा."

मास्तरांनीही बोट फिरवलं. पान कोरडं होतं.

"शेंडे?"

तपासनिसांनी भिंगातून पाहिलं. "स्वच्छ आहेत."

मुकादम पॅकिंगच्या शेडबाहेर आपला डबा पिशवीत भरत होता.

"मला कीड घालायची असती ना बाई, तर शेंड्यात घातली असती. कोणाच्या बापाला दिसली नसती."

"बरं. आता काय करायचं?"

"करणार काय? पानाखाली, बेचक्यात शिरली असणार. एकेक झाड उलटंपालटं करून बघावं लागेल. पण माझं कोण ऐकतंय इथे?"

भाचा मोटरसायकलवर बसूनच बोलला. "मामींना मी कधीपासून सांगतोय, फुलापानांत काही राम नाही."

"आता काय करायचं?"

"फवारा मारा. अळ्याच ना शेवटी?"

अण्णांची खोली नर्सरीच्या मागे होती. खिडकीबाहेरची जास्वंद पांढरी पडली होती आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली होती. अण्णांनी त्यांना बसवलं, चहा दिला, बशीत बिस्किटं मांडली.

"तिकडे लेकीकडे माझ्या भावजयीला करमायचं नाही. बोलायला माणूस नाही. इथे निदान संध्याकाळी मी पेपर वाचतो, ही ऐकते. चुकलं तर भांडते."

"आता काय करायचं, अण्णा?"

"एवढं काय त्यात? वरच्यावर तर बसलीय. ओल्या फडक्यानं पुसलं की झाड पुन्हा हसायला लागेल. निघालात? अजून एक कप टाकतो की."

मास्तर उठता उठता परत बसले. ऑडिटरबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

शेडमध्ये सगळे जमले. ऑडिटरबाई खोक्यावर बसल्या.

"ही कीड अंधार शोधते. जुनी असती तर पानाखाली, बेचक्यात सापडली असती आणि पानं चिकट झाली असती. पानं कोरडी आहेत, कीड उजेडात आहे. म्हणजे काल संध्याकाळी कोणीतरी ती हाताने आणून ठेवली. तीही दाराजवळच्या एकाच ट्रेवर, शेंडे सांभाळून. तपासणीत दिसावी, पण झाडाला इजा होऊ नये अशी. हा शत्रू मोठा मायाळू आहे."

ऑडिटरबाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मी तिघांना एकच प्रश्न विचारला. मुकादम पानाखाली शोधायला निघाला, कारण कीड तिथेच असते. भाच्याला ती अळी वाटली. वरच्यावर बसलीय हे फक्त अण्णांना ठाऊक होतं. सील लागल्यावर जाळीघरात कोणी गेलंच नव्हतं; त्यांना ठाऊक होतं, कारण ती कीड त्यांनीच आपल्या खिडकीबाहेरच्या जास्वंदीवरून उचलून तिथे ठेवली होती."

"पण त्यांचा तर तोटा होता!" मास्तर म्हणाले.

"आपण फक्त पैशाचा तोटा मोजला, मास्तर."

मास्तरांना ती बिस्किटं आठवली. घरी कोणी आलं की तेही अशीच मांडत.

अण्णा तपासनिसांकडे वळले. "पुसून देतो ना मी. एकूण एक पान पुसतो."

"चालत नाही. हा ट्रे आणि लगतचे चार जाळावे लागतील. बाकीची झाडं वेगळी ठेवून पुन्हा तपासू."

"जाळायची? जिवंत आहेत हो ती!"

मालकीणबाई अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "तोंडाने म्हणायचंत ना, अण्णा, की जाऊ नकोस."

"थांबली असतीस?"

"नसते थांबले. पण रोज फोन केला असता."

बाकीची खेप दुसऱ्या तपासणीत सुटली. कंपनीला नर्सरी मिळाली, लेकीला आई. भाच्याला काही मिळालं नाही. मालकीणबाईंनी मुकादमाची माफी मागितली. त्याने ती घेतली आणि शेजारच्या नर्सरीत रुजू झाला. निम्म्या पैशांचा चेक अण्णांना पोस्टाने आला, सोबत चिठ्ठी नव्हती, फोनही कधी आला नाही. ऑडिटरबाईंची फी मालकीणबाईंनी जाण्याआधी चुकती केली. बाकीचं सगळं अण्णांनी भरलं.