एकटीचा वेग

चंद्रवस्तीच्या दवाखान्यात मुकुंद दिघे आता हक्काने येऊन बसत. हवाशुद्धी विभागाचे मुख्य अभियंते, पण इथे त्यांचा हट्ट लहान मुलाचा होता: पृथ्वीवर जायचं, दिवेआगरला, बायकोकडे, वत्सलाकडे. सोनोग्राफीने त्यांना अडवलं होतं. मानेतल्या उजव्या धमनीत रक्त फार वेगाने धावत होतं. म्हणजे धमनी अरुंद, म्हणजे अवतरणयानात बसायला मनाई.

"सोनोग्राफीला कळतो तो वेग," डॉ. सुमेधा नाडगौडा म्हणाल्या. "नळीचं तोंड दाबलं की पाणी जोरात उडतं, त्यावरून आम्ही अंदाज बांधतो. अँजिओग्राफीत रंगद्रव्य सोडून आतली वाटच दिसते. पण द्रव्य एका बाजूपुरतंच उरलंय."

"मग उजवीच बघा. डावी चांगली आहे म्हणालात ना?"

उजवी धमनी पडद्यावर उमटली. सरळ, रुंद, स्वच्छ. दिघ्यांनी तिथूनच घरी संदेश पाठवला, 'येतोय.' नाडगौडाही हसल्या आणि हसता हसता पुन्हा पडद्याकडे वळल्या. धमनी अरुंद नाही, तर एवढा वेग कशाचा?

त्यांनी सोनोग्राफीचा दांडा डाव्या बाजूला टेकवला आणि दुसऱ्या हाताने दिघ्यांच्या कानशिलावर बोटाने टकटक केली. ही जुनी पडताळणी पहिल्या वेळी घाईत राहून गेली होती. प्रत्येक टकटकीला पडद्यावरची रेघ थरथरली.

"दिघेसाहेब, ही चेहऱ्याकडे जाणारी धमनी आहे. तिची फांदी कानशिलात येते, म्हणून टकटक पोचते. आम्ही हिलाच मेंदूची समजलो."

"मग मेंदूची कुठंय?"

"डावीकडे तिच्यातल्या रक्ताचा आवाजच नाही. पूर्ण बंद आहे. उजवी अरुंद नाही, तिच्यावर दोन्ही बाजूंचा भार आहे. यान उतरतानाच्या ताणात ती क्षणभर कमी पडली, तर मागे कुणी नाही."

"चित्र तर स्वच्छ आहे. सही करून टाका ना," दिघे म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. नाडगौडांनी नकारार्थी मान हलवली.

"निदान तिचा आवाज तरी ऐकवा."

दांडा उजवीकडे गेला. खोलीभर सूं सूं घुमू लागलं, उसंत न घेता.

"सगळं एकटीच नेतेय?"

"बरीच वर्षं. कुरकुर केली नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही."

दिघ्यांचे डोळे भरून आले. अंथरुणाला खिळलेले त्यांचे वडील, दोन मुली, सुपारीची बाग. तिकडे वत्सलाही एकटीच होती. तिच्या खांद्यावरचं थोडं तरी आपल्याकडे घ्यायला ते निघाले होते.

वत्सलाचं उत्तर केव्हाच येऊन थांबलं होतं.

'या. तुम्ही आलात की मी जरा बसेन.'