तेरावी खुंटी

"चार वाजता बाबा सही करणार आहेत," मुलगी दारातूनच म्हणाली. "त्याआधी मला सांगा, त्यांचा हात कुणी भाजला? त्यांनी स्वतः, की मी?"

भिंगवाल्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता.

भिंगवाले म्हणजे खासगी तपासनीस. पूर्वी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान गेलं, नाव मात्र चिकटलं. त्यांच्यासोबत कायम त्यांचे मेहुणे असत. माणूस मनाने सोनं, पण डोक्यात उजेड पडायला थोडा उशीर व्हायचा.

"बसा, आणि सगळं सुरुवातीपासून सांगा," भिंगवाले म्हणाले.

हॉस्पिटलच्या चादरी धुणारा कारखाना होता. तिचे बाबा तीस वर्षं तिथे वाफघरात. प्रत्येक व्हॉल्व्हवर आकड्याची पितळी पाटी. महिन्यातून एकदा सफाईसाठी वाफ बंद करायची, ती ठरलेल्या क्रमाने. तो क्रम कारखान्याच्या आतल्या वेबसाइटवर होता, आणि ती पानं लिहिण्याचं काम हिचं. नियम कडक होता: टॅबलेट हातात धरायचा, एक ओळ वाचायची, एक व्हॉल्व्ह फिरवायचा.

"क्रम आहे सात, तीन, एक. सात बंद, तीन अर्धा उघडायचा, एक बंद. मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी बाबांनी सातनंतर आठ उघडला. सगळी वाफ उजव्या हातावर आली."

"ते स्वतः काय म्हणतात?"

"म्हणतात, मीच चुकलो, लक्ष नव्हतं. तसं लिहून दिलं की नोकरी जाणार, आणि कारखाना उपचारातून मोकळा होणार." तिचा आवाज फाटला. "तीस वर्षांत ते एकदा चुकले नाहीत हो! मग चूक माझ्याच लिहिण्यात असणार. पण फाइल बघते तर बरोबर, पान बघते तर बरोबर. वेड लागायची पाळी आली आहे."

"चला, मेहुणेबुवा," भिंगवाले उठलेसुद्धा.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी वहीत नावं लिहून घेत होता. त्याच्या मागच्या फळीवर खुंट्यांना किल्ल्या टांगलेल्या.

"इथे संगणकाचं राज्य आहे, साहेब," तो कुरकुरला. "किल्ल्यांची यादी रोज सकाळी वेबसाइटवरून छापून घ्यायची. मंगळवारी सात वाजता छापली, तर म्हणे भांडाराची किल्ली तेराव्या खुंटीवर! मोजून घ्या, बारा खुंट्या आहेत. तेरावी काय माझ्या नाकावर ठोकू?"

मेहुणे खो खो हसले. भिंगवाले हसले नाहीत.

"तो कागद आहे?"

"आहे की. मागच्या बाजूला गाड्यांचे नंबर लिहितो मी. बुधवारी यादी आपोआप नीट आली."

कागदावर छापील आकडे होते बारा, तेरा, चौदा. पहारेकऱ्याने तेरा आणि चौदा खोडून पेनाने पाच आणि नऊ लिहिले होते. भिंगवाल्यांनी घडी करून कागद खिशात घातला.

"भावजी, आपण रद्दी गोळा करायला आलोय का?" मेहुण्यांनी हळूच विचारलं.

व्यवस्थापकाच्या टेबलावर कबुलीजबाब टाइप करून तयार होता.

"माझं त्यांच्याशी वैर नाही," व्यवस्थापक म्हणाला. "पण पान बरोबर आहे आणि माणूस कबूल करतोय. आणखी काय हवं? कामाच्या दिवशी वेबसाइटला हात लावायचा नाही, असा माझा हुकूम आहे. जो लावेल तो त्याच दिवशी घरी."

वेबसाइट सांभाळणारा तरुण शेजारच्या खोलीत पेन चावत बसला होता. सगळे त्याला वेबवाला म्हणत.

"साध्या मजकुराचं पान करायला एक लायब्ररी असते," त्याने समजावलं. "म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका दिल्या की ती तो ठळक करते. ओळीच्या सुरुवातीला आकडा, टिंब आणि मोकळी जागा दिली की ती यादी करते, थोडी आत सरकवून."

"मग तुम्ही काय करता?"

"तिचे कोणते नियम चालू आणि कोणते बंद, ते सेटिंगमध्ये ठरवतो. बाकी काही नाही."

पडद्यावर फाइलींची रांग होती. मेहुण्यांनी नाक पडद्याला लावलं. "वाफघराचं पान, शेवटचा बदल दोन वर्षांपूर्वी. झालं की! खाली कसलीशी सेटिंगची फाइल आहे मंगळवारची, अकरा चाळीसची. तिच्याशी आपल्याला काय करायचंय?"

वेबवाल्याने घाईने फाइलींची ती रांग बंद केली आणि वाफघराचं पान उघडलं.

भिंगवाले वाफघराचं पान पाहत होते. वर ठळक अक्षरांत 'सावधान'. खाली तीन ओळी, सात, तीन, एक. आकडे डाव्या कडेला, बाकीच्या मजकुराच्या सरळ रेषेत. तळाशी लिहिणारीचं नाव.

"पान छान लिहिलंय," एवढंच ते म्हणाले.

विश्रांतीच्या खोलीत बाबा डाव्या हाताने सहीचा सराव करत होते. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत.

"टॅबलेटवर कोणते आकडे होते, काका?"

"सात, तीन, एक." उत्तर फार लवकर आलं.

"आठवा उघडताना मनात काय होतं?"

बाबांनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "काही नाही. मीच चुकलो, लिहून घ्या. तिला यात ओढू नका."

"तिला कुणी ओढलंय?" भिंगवाल्यांनी विचारलं. बाबा पुन्हा सहीचा सराव करू लागले.

पावणेचारला सगळे व्यवस्थापकाच्या खोलीत जमले. पहारेकरीही दारात उभा राहिला. बाबांपुढे कागद सरकवला गेला.

"थांबा," भिंगवाले म्हणाले. "वेबवाले, तुमच्या लायब्ररीला एकही सेटिंग न देता तीन ओळी लिहून दाखवा. सात टिंब. तीन टिंब. एक टिंब."

वेबवाल्याची बोटं हलेनात. शेवटी मुलीनेच त्याचा लॅपटॉप ओढून ओळी लिहिल्या.

पडद्यावर यादी उमटली. सात. आठ. नऊ.

"अगं बाई!" ती उभीच राहिली.

"लायब्ररीला वाटतं, ही साधी यादी आहे," भिंगवाले म्हणाले. "ती पहिला आकडा घेते आणि पुढचे स्वतःच मोजते. तुम्ही काय लिहिलंय ते बघत नाही. बाहेरच्या जगात त्याने काही बिघडत नाही. पण या कारखान्याची रीत आहे, आकडा आधी, काम नंतर. इथे आकडा म्हणजे ओळीचा क्रमांक नव्हे, ती व्हॉल्व्हची पाटी आहे. किंवा किल्लीची खुंटी."

त्यांनी खिशातला कागद टेबलावर पसरला. "मंगळवार, सकाळी सात. फाइलमध्ये बारा, पाच, नऊ. छापून आलं बारा, तेरा, चौदा."

"म्हणजे तेरावी खुंटी आणि आठवा व्हॉल्व्ह सख्खे भाऊ!" मेहुण्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"अगदी सख्खे. आता आजचं पान बघा. 'सावधान' ठळक आहे, म्हणजे लायब्ररी चालू आहे. पण आकडे आत सरकलेले नाहीत, म्हणजे यादीचा नियम बंद आहे. कुणा शहाण्याने इथली रीत ओळखून तो मुद्दाम बंद ठेवला होता. मंगळवारी सकाळी तो चालू होता. मेहुणेबुवा, सेटिंगची फाइल कधीची?"

"मंगळवार, अकरा चाळीस."

"अपघातानंतर वीस मिनिटांनी."

मग वेबवाला बोलू लागला, मान खाली घालून.

"सोमवारी संध्याकाळी लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली. सेटिंगची फाइल कोरी घेतली. जुनीतली ती एक ओळ मला फालतू वाटली. यादीचा नियम कुणी कशाला बंद ठेवेल? काकांना नेलं तेव्हा कळलं. ओळ परत टाकली. सांगणार होतो, खरंच. पण नोकरी गेली असती, आणि मग काकांनी स्वतःच कबूल केलं…"

"आणि तू गप्प बसलास," मुलगी म्हणाली. "दोन दिवस! त्यांच्या हाताला पट्टी बांधताना मी होते तिथे."

व्यवस्थापकाने कबुलीजबाब उचलून फाडला. "उपचार कारखाना करेल. काका, बरे झालात की वाफघर तुमचंच आहे." मग तो वेबवाल्याकडे वळला. "तू थांब इथे."

मुलगी बापासमोर गुडघ्यांवर बसली.

"बाबा, तुम्ही सात, आठ, नऊ वाचलं होतं. मग खोटं का बोललात?"

"खरं बोललो असतो तर ते तुझ्या अंगावर आलं असतं. तू लिहिलेलं पान."

"पण आठवा उघडलातच का? झोपेतही सांगाल तुम्ही तो क्रम!"

बाबा ओशाळून हसले. "मागच्या महिन्यात नवा पाइप टाकलाय ना. वाटलं, क्रम बदलला असेल. पानाच्या खाली तुझं नाव होतं, बाळा. मग मी कशाला कुणाला विचारू?"

तिने त्यांच्या डाव्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि तो हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसून राहिली.