मीच देते

बाईने आत येताच दाराला कडी लावली आणि मग विचारलं, "लावली तर चालेल ना?"

मास्तरीणबाईंनी मान हलवली. त्यांनी आयुष्यात एकही वर्ग घेतला नव्हता. समोरच्याच्या वाक्यातली चूक काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून हे नाव पडलं आणि गुप्तहेरीचा व्यवसाय थाटल्यावरही चिकटून राहिलं. कोपऱ्यात त्यांचे दाजी बसले होते. थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून मेहुणीच्या कामात लुडबुड करणं हाच त्यांचा उद्योग. गाडी तेच चालवत आणि अंदाजही तेच बांधत. गाडी बरी चालवत.

बाईच्या मागून सहा वर्षांचा मुलगा आला. तो थेट खिडकीपाशी गेला आणि पडद्याच्या कड्या एकीकडून दुसरीकडे सरकवू लागला.

"हा टिल्लू. ऑटिझम आहे त्याला," आई म्हणाली. "उद्या सकाळी बालसंरक्षण समिती त्याला माझ्याकडून घेऊन जाणार. मी त्याला गुपचूप औषध पाजते म्हणून."

तिने अडखळत सगळं सांगितलं. मोठ्या रुग्णालयात एक अभ्यास चालला होता. अशा मुलांच्या चयापचयाच्या काही वेगळ्या खुणा लघवीत दिसतात का, ते तपासत होते. टिल्लूच्या नमुन्यात भलतंच निघालं. फिट्सवरच्या औषधाचे अंश. टिल्लूला फिट कधी आलेली नाही आणि ते औषध कोणी लिहून दिलेलं नाही. मुलाने शांत पडून राहावं म्हणून आईच पाजत असणार, असं रुग्णालयाने समितीला कळवलं.

"मग रक्त नाही तपासलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"तपासलं ना! काही सापडलं नाही. तर म्हणाले, समितीचं पत्र मिळाल्यावर हिने बंद केलं. आता बोला!" तिने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. "त्याच्या दुधाचा पहिला घोट मी पिते. पाण्याची बाटली उशाशी घेऊन झोपते. कोण देतंय कळत नाही हो. परवापासून तर वाटायला लागलंय, झोपेत, भान नसताना, मीच देत असेन तर?"

ती खरोखरच भ्यायली होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःलाच.

"तुला पाणी हवंय का?" टिल्लू एकदम म्हणाला.

"नको रे बाळा, आत्ताच चहा झाला," दाजी म्हणाले.

"त्यालाच हवंय," आई म्हणाली. "मी जसं विचारते, अगदी तसंच म्हणतो. स्वतःचं वाक्य नाही जुळवता येत त्याला. ज्या वस्तूपाशी किंवा माणसापाशी जे ऐकलं, ते पुन्हा दिसलं की तेच शब्द बाहेर. त्याचे बाबा दिसले की 'मी निघतो, उशीर झाला.' ते तेवढंच बोलायचे घरात."

दाजींनी पाणी दिलं. मास्तरीणबाईंनी विचारलं, "नमुना घेतला कोणी?"

"त्याच्या आत्याने, माझ्या नणंदेने. सकाळची पहिली लघवी घरीच डबीत धरायची होती. माझ्याकडून दोनदा फसलं. डबी पुढे केली की हा अंग ताठ करतो, दुपारपर्यंत सोडत नाही. तिसऱ्यांदा फसलं असतं तर अभ्यासातून नाव गेलं असतं. त्या दिवशी मला बेकरीत पहाटेची पाळी होती. ताई आमच्या शेजारीच राहतात, शाळेची व्हॅन चालवतात. त्यांनीच जमवलं आणि जाता जाता डबी पोचवली."

*

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर रिकाम्या डब्यांची रास होती. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"त्या आईचं वाईट वाटत नाही असं समजू नका," त्या म्हणाल्या. "पण मी गप्प बसले आणि मूल हातचं गेलं तर? शिवाय पोराने स्वतः सांगितलंय. मी आईला औषधाबद्दल विचारत होते, आणि हा इथे, टेबलापाशी उभा राहून म्हणाला, 'मीच देते, कोणाला कळतंय!' अगदी कुजबुजत, मोठ्या माणसासारखं. माझ्या अंगावर काटा आला."

"आई काय म्हणाली?"

"पांढरीफटक पडली."

"नमुना किती दाट होता?"

"ते सुटं बघत नाही आम्ही. कोणी पाणी जास्त पितं, कोणी कमी. म्हणून प्रत्येक आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडतो. स्नायूंतून निघणारा पदार्थ आहे, लघवीत सतत उतरतो. त्याने भागलं की दाट-पातळ सारखं होतं."

"भागण्याआधीचा आकडा असेल ना यंत्रात? तेवढा काढून ठेवाल?"

डॉक्टरीणबाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही, पण त्यांनी हो म्हटलं.

टिल्लूचे बाबा औषधांच्या गोदामात काम करत. बायकोपासून वेगळे राहून वर्ष झालं होतं. खोक्यांच्या रांगांमधून ते मान खाली घालूनच पुढे आले.

"ते औषध इथे आहे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"खोक्यांनी आहे. मी कशाला देऊ? तीन महिन्यांत तिकडे फिरकलोही नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "खरं सांगू? मला त्याची भीती वाटते. तो ओरडायला लागला की काय करावं सुचत नाही. समितीने नेलं आणि मला विचारलं, तर मी नाहीच म्हणेन. बघा, कसला बाप आहे मी."

गाडीत बसताच दाजींनी निकाल लावला. "हाच! औषध हाताशी आहे आणि बायकोवर राग आहे."

"दाजी, गिअर टाका."

आत्या अंगणात व्हॅन पुसत होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. केस फार गळतात हल्ली, ती हसून म्हणाली. तिने चहा आणला, तेव्हा कपबशा ट्रेमध्ये खडखडत होत्या. स्वतःचा कप तिने तसाच निवत ठेवला.

"झोपेत जीभ चावली. गरम लागतं," ती म्हणाली.

"टिल्लूला डबीसाठी कसं तयार केलंत?"

"लाडीगोडी लावली. नळ सोडला." उत्तर फार चटकन आलं.

"वहिनीने पाजलं असेल औषध?"

"वहिनी?" आत्याचे डोळे एकदम भरून आले. "तिच्या हातून झुरळ मरत नाही हो."

परत निघताना दाजी हळहळले. "हात कसे कापत होते बिचारीचे! भाच्याच्या काळजीने खंगली पार."

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला होता, आणि दाजींना ते मुळीच आवडलं नाही.

*

समितीचं कार्यालय बंद व्हायला थोडा अवकाश होता, तेव्हा सगळे टिल्लूच्या घरी जमले. आई त्याला मांडीत घेऊन भिंतीला टेकून बसली होती. बाबा दारातच उभे राहिले. त्यांना पाहून टिल्लू म्हणाला, "मी निघतो, उशीर झाला." बाबांनी ओठ चावला आणि यावेळी ते आत येऊन बसले.

"टिल्लूला कोणीही औषध दिलेलं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आईने मान वर केली. "मग लघवीत कुठून आलं?"

"आधी त्याचं वाक्य बघू. 'मीच देते, कोणाला कळतंय!' टिल्लू मुलगा आहे. स्वतःचं सांगायचं असतं तर 'देतो' म्हणाला असता, पण तो स्वतःचं सांगतच नाही. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतो. बाबांचं 'निघतो' त्याच्या तोंडी 'निघतो'च राहतं. म्हणजे 'देते' म्हणणारी बाई आहे. दाजी, तुमचे गोदामवाले सुटले."

दाजींनी खाकरून छताकडे पाहिलं.

"पण मग संशय माझ्यावरच येतो," आई कुजबुजली.

"डॉक्टरांना तसंच वाटलं, कारण त्या औषधाबद्दल विचारत होत्या. टिल्लू मात्र प्रश्नाला उत्तर देत नाही, दिसलेल्या वस्तूला देतो. त्याच्या नाकासमोर काय होतं, डॉक्टर?"

"डब्या," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "नमुन्याच्या रिकाम्या डब्या."

"औषध देतात, तसा नमुनाही देतातच ना? तुमच्याकडे रोज म्हणतात, लघवी दिली का, उद्या द्या. हे वाक्य डबी हातात धरून बोललेलं आहे. पोरगं ताठ बसलंय, व्हॅनची वेळ झालीय, यावेळी फसलं तर नाव कापलं जाणार. आणि कोणीतरी स्वतःशीच म्हणालं, मीच देते, कोणाला कळतंय! मला तो आकडा हवा होता तो यासाठीच."

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून कागद काढला. "लहान मुलाच्या अंगात स्नायू असून असून किती असणार? इतकं क्रिएटिनिन सहा वर्षांच्या पोराचं नसतं. हा मोठ्या माणसाचा नमुना वाटतो. आम्ही भागाकार करून मोकळे झालो. देवा, मी काय लिहून बसले!"

"त्या सकाळी आई बेकरीत होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "घरात एकच बाई होती. फिट्सच्या औषधाने हात कापू शकतात, केस गळू शकतात. आणि झोपेत फिट आली की जीभ चावली जाते."

कोणीच आत्याकडे बघेना. आत्याने स्वतःच डोक्यावरचा रुमाल सोडला. टाळूवर केस विरळ झाले होते.

"लघवी ती लघवी, असं वाटलं मला," ती म्हणाली. "वहिनी, दोनदा फसल्यावर तू रडली होतीस ना, ते बघवलं नाही. पुढे काय निघालं ते ऐकलं, पण बोलायचा धीर झाला नाही. फिट्सचं कळलं तर परवाना जातो. व्हॅनशिवाय मी खाऊ काय? वाटलं, टिल्लूचं रक्त तपासतील, तू सुटशील. रोज वाटायचं, आज सुटशील."

"रोज," आई म्हणाली. "रोज मी त्याच्या दुधाचा घोट पीत होते, ताई. तुमच्यासमोर."

आत्याने तोंड झाकून घेतलं.

मग आईच्या चेहऱ्यावर नवीनच भीती उमटली. "जीभ कधी चावली?"

"परवा."

"आणि काल व्हॅन काढलीत? पोरं भरून?"

आत्याने मान खाली घातली. दाजींनी पुढे होऊन तिच्यासमोर हात धरला. तिने व्हॅनची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"समितीला मी आत्ताच फोन करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्यांना हे तुमच्याच तोंडून ऐकावं लागेल."

"जाते मी," आत्या उठली. "मग एकेका पोराच्या घरी जाऊन सांगते." ती दाराकडे वळली. दाराबाहेर वरून खालपर्यंत जिना अरुंद, कठडा मोडलेला. पहिल्याच पायरीवर ती भिंत चाचपत थांबली.

आईने टिल्लूला उचललं, बाबांसमोर नेलं आणि त्यांच्या मांडीत बसवलं. बाबा अवघडले, पण त्यांनी त्याला धरलं. ती तरातरा बाहेर गेली आणि नणंदेचा दंड पकडला. इतका घट्ट की आत्या कळवळली.

"वहिनी, मी जाईन एकटी."

"आणि मध्येच फिट येऊन पडलात म्हणजे?" आईच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहत होतं. "चला. मी धरते. पण तिथे एक शब्द जरी गाळलात ना ताई, तर बघा."